हॉस्टेलच्या खोलीत आधी स्विचबोर्ड बघा

प्रवेशाच्या दिवसांत वसतिगृहाच्या फाटकाशी रिक्षा-टेम्पोंची रांग लागते. गाद्या, बादल्या, फराळाचे डबे जिन्याने वर जातात आणि पालकांची पाहणी सुरू होते. बाबा मेसमध्ये डोकावून महिन्याचे पैसे विचारतात, आई बाथरूमचं दार ढकलून नाकाला पदर लावते, मुलगी खिडकीतून रस्ता दिसतो का ते बघते. कपाटाला कुलूप लागतं एवढं पाहिलं की सगळ्यांचं समाधान होतं. मी काही वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. त्या अनुभवावरून सांगते, सामान लावण्याआधी पंधरा मिनिटं काढा आणि खोली तपासा. सुरुवात स्विचबोर्डापासून करा.

सॉकेटच्या भोकांभोवती प्लास्टिक तपकिरी झालंय का बघा. तसा डाग असेल तर आतली पत्ती सैल झालेली असते. पिन तिला धड टेकत नाही, बारीक ठिणग्या पडत राहतात, जागा तापते आणि तापून पत्ती आणखी सैल होते. चार्जर लावल्यावर तो खाली लोंबकळत असेल तरी हेच समजा. इस्त्री पाच-सात मिनिटं चालवा, बटण बंद करून प्लग काढा. पिना चटका बसण्याइतक्या गरम लागल्या, तर वायरमनला दाखवल्याशिवाय तो सॉकेट वापरू नका. बोर्ड ज्या भिंतीवर आहे तिला ओल आहे का, हेही त्याच वेळी हात लावून कळतं. हात त्याच भिंतीला पण बोर्डापासून लांब लावायचा, हे सांगायला नको. पावसाळ्यात प्रवेश होतात त्याचा एक फायदा असा की गळती लपत नाही. छताला पोपडे आलेत की सिमेंट सुटून गज दिसायला लागलाय, यातला फरक नीट बघा. पोपडे रंगाचे असतात. गज दिसत असेल तर त्याखाली कॉट ठेवायची नाही, आणि खोली बदलून मागायची.

मग दार. आतली कडी पूर्ण बसते का, कोयंड्याचे स्क्रू हलतात का, खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे असते आणि ती कोणाच्या सहीने मिळते? हा शेवटचा प्रश्न ऑफिसात जरूर विचारा. उत्तर देताना क्लार्क गोंधळला, तर त्या वसतिगृहात किल्ल्यांची नोंद ठेवत नाहीत, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळतं.

हे सगळं बघताना मोबाइलवर फोटो काढा. फुटलेली काच, तुटकी खुर्ची, कपाटाचा निखळलेला बिजागर, भिंतीवर आधीच्या मुलाने मारलेले खिळे, सगळ्याचे. खोलीचा ताबा घेताना सामानाच्या यादीवर सही घेतात. ती यादी न वाचता सही करू नका. जे मोडकं आहे त्यापुढे ‘मोडकं’ असं तिथल्या तिथे लिहा. वर्षअखेरीला अनामत रकमेतून जे पैसे कापले जातात, ते बहुतेक वेळा या न वाचलेल्या सहीमुळेच.

रॉड, किटली आणि जुनं वायरिंग

आपल्याकडच्या बऱ्याच वसतिगृहांच्या इमारती जुन्या आहेत. त्या बांधल्या तेव्हा खोलीत एक दिवा, एक पंखा आणि फार तर टेबललॅम्प असेल, असं धरून वायर ओढलेली होती. आज त्याच खोलीत तीन लॅपटॉप, तीन मोबाइल, किटली, इस्त्री आणि हिवाळ्यात पाणी तापवायचा रॉड असतो. गणित सोपं आहे. बाजारात सर्रास मिळणारा रॉड १५०० वॅटचा असतो. आपल्या घरी वीज येते २३० व्होल्टची. भागाकार केला की साडेसहा अँपिअर येतात. खोलीतला साधा, छोट्या भोकांचा सॉकेट असतो ६ अँपिअरचा. म्हणजे एकटा रॉड लावला तरी मर्यादा ओलांडली. त्याच बोर्डावर दुसऱ्या मुलीची किटली चालू असेल तर विचारूच नका. मोठ्या भोकांचा १६ अँपिअरचा सॉकेट असतो, तोच अशा कामाचा. पण जुन्या वसतिगृहात तो असला तर बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये असतो, खोलीत नसतो.

मग मुलं एक्स्टेंशन बोर्ड आणतात. रस्त्यावर शंभर-दीडशेला मिळणाऱ्या बोर्डाला तीन भोकं दिसतात, पण आत वायर बऱ्याचदा दोनच असतात. अर्थिंगचं भोक नुसतं शोभेला. आयएसआयची खूण असलेला, जाड वायरचा बोर्ड घ्या. त्याची वायर गुंडाळून कॉटखाली सरकवू नका, कारण वेटोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही. आणि उशीखाली मोबाइल चार्जिंगला लावून झोपू नका. हे सांगून सांगून माझा घसा बसला होता, तरी रात्रीच्या फेरीत दोन-चार उशा उचलाव्या लागायच्याच.

रॉडबद्दल माझं मत बहुतेक संस्थाचालकांना आवडत नाही. नियमावलीत ‘हीटर, रॉड, शेगडी वापरण्यास सक्त मनाई’ असं छापलेलं असतं, आणि ते बरोबरही आहे. पण डिसेंबरात नाशिकला किंवा पुण्याला पहाटे सहाला थंडगार पाण्याने अंघोळ करून प्रॅक्टिकलला जा, असं वीस वर्षांच्या मुलाला सांगून तो ऐकणार नाही. तो रॉड आणतो आणि लपवतो. ओला रॉड वर्तमानपत्रात गुंडाळून गादीखाली जातो. घाईत बटण बंद करायचं राहतं. दार बंद करून, कोणाला कळू न देता पाणी तापवलं जातं, म्हणजे शॉक बसला तर दार उघडायलाही कोणी नाही. उघड वापरलेल्या रॉडपेक्षा लपवलेला रॉड जास्त घातक. ज्या वसतिगृहात सकाळी दोन तास खात्रीने गरम पाणी येतं, तिथे झडतीत रॉड सापडत नाहीत. तेव्हा विद्यार्थी प्रतिनिधींनो, रॉडवरच्या दंडाविरुद्ध भांडण्यात वेळ घालवू नका. गच्चीवरचा सोलर बंद का पडला, ढगाळ दिवसांसाठी त्याला विजेची जोड आहे का, आणि तो कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त होईल, हे लेखी मागा.

तरीही कुठे रॉड वापरायची वेळ आलीच, तर बादली प्लास्टिकची, रॉड पाण्यात बुडवल्यावरच बटण चालू, आणि पाणी तापलं का ते बघायला बोट घालण्याआधी बटण बंद करून प्लग काढलेला. या क्रमात एकदाही चूक चालत नाही.

विजेचं एक ज्ञान प्रत्येक खोलीत असायला हवं. ‘एमसीबी आहे, म्हणजे शॉकची भीती नाही’ असं मुलं बिनधास्त सांगतात. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. वायरमधून प्रमाणाबाहेर वीज वाहिली की तो पडतो. पण माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारी, जीव घेण्याइतकी वीज त्याच्या लेखी फार थोडी असते. त्यासाठी आरसीसीबी लागतो. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. माणसांच्या रक्षणासाठी बसवतात तो ३० मिलिअँपिअरचा असतो. एवढी गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. मजल्याच्या मुख्य बोर्डात तो ओळखायचा कसा? त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. हे काम महिन्यातून एकदा वायरमनने करायचं असतं. तुमच्या मजल्यावर असं बटणच नसेल, तर वर्षातली पहिली तक्रार कोणती करायची ते ठरलं.

खाजगी वसतिगृहं आणि कॉट बेसिसवरच्या खोल्यांमध्ये गॅस गिझर असतो. पुणे-मुंबईत बाथरूममधल्या गॅस गिझरने जीव गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. बंद, लहान बाथरूममध्ये ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसकाही लागत नाही. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं आणि कडी काढायची ताकद उरत नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला असेल तरच तो वापरा. मालक ‘खिडकी उघडी ठेवा, काही होत नाही’ म्हणाला, तर बादलीभर पाणी बाहेर तापवून आत न्यायचं, गिझर चालू असताना आत अंघोळ करायची नाही. अंघोळीत डोकं दुखायला लागलं, तर टॉवेल गुंडाळून तसंच बाहेर यायचं. लाज वाटायची ती वेळ नव्हे.

तक्रार लिहायची कशी

वसतिगृहात झालेल्या बहुतेक अपघातांचा माग काढला, तर मागे कुठेतरी एक तोंडी सांगितलेली तक्रार सापडते. ‘काकांना सांगितलं होतं’, ‘मॅडमना माहीत होतं’. मला हेच सांगायचं आहे की काकांना सांगणं म्हणजे तक्रार नव्हे. सुरक्षेचे कायदे, समित्या, फलक सगळं आहे, पण ते हलतं कागदावरच्या तारखेने.

ऑफिसबाहेर दोरीला बांधलेलं तक्रार रजिस्टर असतं. त्यात मुलं लिहितात, ‘लाईटचा प्रॉब्लेम आहे.’ वायरमन आठवड्यातून दोनदा येतो, वाचतो, खोलीत दिवा लागतोय असं बघतो आणि पुढे ‘ओके’ लिहून जातो. त्याचंही चुकत नाही. आता हेच असं लिहून पाहा: ‘खोली २१४. दारामागच्या बोर्डावरचा खालचा सॉकेट. प्लग लावताना ठिणगी दिसते, जळका वास येतो. सोमवारपासून वापर बंद ठेवला आहे, वर चिकटपट्टी लावली आहे. संध्याकाळी पाचनंतर खोलीत असतो.’ खाली नाव, सही, तारीख, वेळ. या पाच ओळींत काय बिघडलं, कुठे, किती धोक्याचं आणि दुरुस्तीला कधी यायचं, सगळं आलं. दुरुस्ती झाल्यावर तुमची सही झाल्याशिवाय नोंद बंद होऊ देऊ नका. रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा. रजिस्टरं हरवतात, एखाद्या अपघातानंतर तर फारच लवकर हरवतात.

ठिणगी, शॉक, गॅसचा वास, न लागणारी कडी, मध्येच थांबणारी लिफ्ट, फुटलेला जिन्याचा कठडा या गोष्टी त्याच दिवशीच्या. यांच्यासाठी रजिस्टरवर थांबायचं नाही. रेक्टरना फोन करायचा, आणि मग नोंद करायची. गळका नळ, तुंबलेलं बेसिन, फाटलेली जाळी यांना आठवडा देता येतो. सगळ्याच तक्रारींवर ‘अर्जंट’ लिहिणाऱ्या खोलीची कुठलीच तक्रार अर्जंट राहत नाही.

आठवडा गेला, काही झालं नाही, तर अर्ज करा. दोन प्रती काढा, एक ऑफिसात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्लार्क ‘राहू दे, मी बघतो’ म्हणाला तरी क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. एकट्याच्या सहीपेक्षा मजल्यावरच्या दहा खोल्यांच्या सह्या बऱ्या. वजनही पडतं आणि एकटा कोणी डोळ्यावर येत नाही. रेक्टरनंतर प्राचार्य, मग संस्थेचे सचिव अशी चढण असते. सरकारी वसतिगृहाचा रस्ता वेगळा: सामाजिक न्याय विभागाचं असेल तर जिल्ह्याचे समाजकल्याण सहायक आयुक्त, आदिवासी विकास विभागाचं असेल तर प्रकल्प अधिकारी. यातली काही वसतिगृहं भाड्याच्या इमारतीत चालतात. तिथे दुरुस्ती मालकाने करायची की विभागाने, या घोळात बाथरूमची दारं महिनोन्‌महिने लटकत राहतात. अशा ठिकाणी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर भाडेकराराची प्रत मागावी. दुरुस्ती कोणाकडे आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि प्रत मागितल्याची बातमी इमारतीच्या मालकापर्यंत पोचतेच.

स्वतः काय करावं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगात मुलं स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंत सगळं हाताने करत. ती परंपरा चांगली आहे आणि आजही काही वसतिगृहांत ती पाळतात. खोली झाडणं, जाळ्या काढणं, संडासाच्या साफसफाईची पाळी लावणं, निखळलेला बिजागर बसवणं, हे कराच. विजेच्या बोर्डाचा स्क्रू मात्र इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलानेसुद्धा उघडायचा नाही. तो मुलगा तर सर्वांत आधी उघडतो.

आग, जिना आणि किल्ली

वसतिगृहात आग लागली तर जाळ दिसण्याआधी धूर भरतो, आणि माणसं गुदमरतात ती धुराने. म्हणून पहिल्या आठवड्यात एक काम करा. रात्री जेवण झाल्यावर खोलीपासून खाली मैदानापर्यंत दोन वेगवेगळ्या जिन्यांनी चालत जा. बऱ्याच ठिकाणी दुसरा जिना असतो, पण त्यावर मोडक्या कॉट रचलेल्या असतात किंवा त्याच्या दाराला कुलूप असतं. गच्चीचं दारही बंद असतं. मुख्य जिन्याखाली मोटरसायकली लावलेल्या असतात, आणि आता तिथेच विजेवरच्या स्कूटर चार्जिंगला लागतात. कधीकधी तर वरच्या खिडकीतून वायर सोडून. म्हणजे आग लागायची जागा आणि पळायची जागा एकच झाली. जिन्याखाली वाहन लावू न देणं हा नियम जाचक वाटतो, पण या एका नियमासाठी मी कधीच कोणाला सूट दिली नाही.

मुलींच्या वसतिगृहात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. रात्री फाटकाला कुलूप लागतं, त्याची किल्ली कुठे असते? वॉचमनच्या खिशात, आणि वॉचमन फाटकाबाहेरच्या खोलीत, असं उत्तर आलं तर ते मान्य करू नका. रात्रभर आत राहणाऱ्या एका जबाबदार बाईकडे किल्ली असली पाहिजे आणि ती किल्ली कुठे ठेवते हे प्रत्येक मजल्यावरच्या निदान दोन मुलींना ठाऊक पाहिजे. खिडक्यांच्या गजांचंही तेच. प्रत्येक मजल्यावर निदान एक खिडकी आतून उघडणाऱ्या जाळीची असावी.

पॅसेजमधलं लाल नळकांडं बघा. वरच्या बाजूला छोटी तबकडी असते, तिचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. लाल पट्ट्यात असेल तर ते दाराला अडणी म्हणून ठीक आहे, आणि खरं म्हणजे ते बऱ्याच ठिकाणी त्याच कामाला असतं. गळ्यातल्या चिठ्ठीवर शेवटच्या तपासणीची तारीख असते. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा ती वापरणाऱ्या संस्थेने परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं. त्याला ‘नमुना ब’ किंवा ‘फॉर्म बी’ म्हणतात. आमच्या वसतिगृहाचा या जुलैचा फॉर्म बी बघायला मिळेल का, एवढंच नम्रपणे विचारा. विचारणारा विद्यार्थी भेटला की ऑफिसात फाइली हलतात.

नळकांडं वापरायचं तर पिन ओढा, नळीचं तोंड जाळाच्या बुडाशी धरा, दांडा दाबा आणि डावी-उजवीकडे फिरवा. पाच-सहा किलोचं नळकांडं अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. त्यामुळे आग कचऱ्याच्या टोपलीएवढी आहे तोवरच या भानगडीत पडा. गादीने पेट घेतला असेल तर बाहेर पडा, खोलीचं दार मागे ओढून घ्या, प्रत्येक दारावर थापा मारत जिना उतरा. लिफ्ट नाही. धुरात चालू नका, रांगा. जमिनीजवळ हवा त्यातल्या त्यात बरी असते. खाली आल्यावर १०१ किंवा ११२. लॅपटॉप आणायला परत वर जायचं नाही, प्रबंधाची एकमेव प्रत त्यात असली तरी.

पाणी, मेस, डास, ढेकूण

हल्ली मुलं पेनासारखं टीडीएस मीटर आणून कूलरचं पाणी तपासतात आणि आकडा कमी आला की खूश होतात. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो. कावीळ आणि जुलाब करणारे जंतू त्यात कळत नाहीत. त्यापेक्षा गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण बसतं का, टाकी धुतल्याची तारीख तिच्यावर रंगवली आहे का आणि ती सहा महिन्यांच्या आतली आहे का, हे बघा. मजल्यावर एकदम दोघा-तिघांना कावीळ झाली, तर औषधासोबत पाण्याची तपासणीही लेखी मागा.

मेसच्या भिंतीवर अन्नसुरक्षा विभागाचा चौदा आकडी परवाना क्रमांक लावलेला असायला हवा. खाड्याचे नियम आधीच विचारून घ्या: किती दिवस आधी सांगायचं, सलग किती दिवसांचा खाडा धरतात, सणाचा फीस्ट वेगळा लावतात का. मेसवरची निम्मी भांडणं भाजीच्या चवीवरून सुरू होतात आणि खाड्याच्या पैशांवर संपतात.

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून बादल्या, कूलर आणि फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा कोरडा केला की साखळी तुटते. ढेकणांचं तसं सोपं नाही. नव्या पार्टनरने आणले म्हणून त्याच्यावर चिडण्यात अर्थ नसतो. ते कॉटच्या सांध्यांत आणि गादीच्या शिवणीत वर्षानुवर्षं असतात. एका खोलीत फवारलं की ते शेजारच्या खोलीत जातात. त्यामुळे संपूर्ण मजल्याची फवारणी एकदम, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, अशीच मागा. चादरी उकळत्या पाण्यातून काढा.

नियम कोणासाठी

रात्रीच्या हजेरीचा सगळ्यांना कंटाळा. पण आग लागली किंवा इमारतीचा भाग कोसळला, तर आत किती माणसं अडकली आहेत हे अग्निशामक दलाला सांगायला त्या रजिस्टरशिवाय दुसरं साधन नसतं. खोट्या सह्या करणाऱ्या मित्राला हे एकदा सांगून पाहा. नाइट आउटला जाताना खरा पत्ता लिहा, घरी सांगितला नसला तरी.

‘पॅरासाइट’चा प्रश्न याच रजिस्टरशी जोडलेला आहे. प्रवेश नसताना मित्राच्या खोलीत गादी टाकून राहणारी मुलं प्रत्येक मोठ्या वसतिगृहात असतात. त्यांतली बरीचशी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, गावाकडून पैसे न येणारी. त्यांना खलनायक ठरवणं मला कधी जमलं नाही. जागा कमी आणि मुलं जास्त ही सरकारची आणि विद्यापीठांची थकबाकी आहे. तरी ज्याचं नाव कुठेच नाही, त्याला कोणी शोधणारही नाही. असा मित्र ठेवायची वेळ आली तर अतिथी म्हणून रीतसर नोंद करून, ठरलेले दिवस ठेवा. त्याच्यासाठी स्वाधार किंवा पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांसारख्या योजनांचा अर्ज भरायला मदत केलीत तर जास्त बरं.

फाटकाच्या वेळेबद्दल. मुलांचं फाटक रात्री अकराला आणि मुलींचं आठला, हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की कोणी विचारतही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की, सुरक्षेचं कारण पुढे करून विद्यार्थिनींना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे वसतिगृह-नियम लावू नयेत. रेक्टर म्हणून पालकांचे फोन मी घेतलेत, त्यांची काळजी मला कळते. पण रस्ता असुरक्षित असेल तर दिवे लावा, बसथांब्यापासून सोबत द्या. मुलीला आत कोंडून संस्थेची जबाबदारी सुटते, मुलीची सुरक्षितता वाढत नाही.

जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा तिच्या खोलीत खून झाला. संशयित तिथेच काम करणारा माणूस होता. ज्याची भीती घालून फाटक लवकर बंद करतात तो बाहेरचा. धोका आतून आला. आत वावरणाऱ्या प्रत्येक पुरुष कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी झाली आहे का, मजल्यावर यायची त्यांची वेळ ठरलेली आहे का, सोबत महिला कर्मचारी असते का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कोणी पाठलाग करतो, नको तितकं बोलतो, असं एखादी मुलगी म्हणाली तर ‘काका तसे चांगले आहेत’ हे उत्तर देऊ नका. अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. आणि परीक्षा संपून मजला रिकामा होतो त्या दिवसांत मागे राहणाऱ्या मुलींनी एकेकट्या खोलीत थांबू नये. सगळ्यांना एकाच मजल्यावर, शेजारशेजारच्या खोल्या द्या, असा अर्ज द्यावा.

रॅगिंगला ‘ओळख परेड’, ‘इंट्रो’ अशी लाडकी नावं असतात. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा नाव बघत नाही. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरल्यावर संस्थेतून काढल्यापासून पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते; त्याने ती दाबली तर रॅगिंगला चिथावणी दिली असं कायदा धरतो. आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार प्रकरण गुन्ह्याचं असेल तर माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत पोलिसांत तक्रार द्यावी लागते. देशभराचा क्रमांक १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू, नाव न सांगताही बोलता येतं. फोन केल्यावर मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या. मेसेज पुसू नका. रात्री काय झालं ते सकाळ व्हायच्या आत तारीख-वेळेसह लिहून घरच्या एखाद्याला पाठवा.

पार्टनर जेवायला यायचा थांबला, दिवसभर पांघरूण घेऊन पडतो, वस्तू वाटून टाकतो, असं दिसलं तर त्याच्या खाजगी गोष्टीत कशाला पडा असं म्हणू नका. शेजारी बसा, सरळ विचारा, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रेक्टरना किंवा त्याच्या घरी कळवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

राहिली खोली सोडायची गोष्ट. शेवटच्या पेपराच्या संध्याकाळी गाडी बोलावून निघून जाऊ नका. आदल्या दिवशी ऑफिसच्या माणसाला खोलीत आणा, पहिल्या दिवशीची सामानाची यादी आणि फोटो समोर ठेवा, किल्ली दिल्याची पावती घ्या. मेस, ग्रंथालय आणि वसतिगृहाचं ना-देय प्रमाणपत्र एकाच फेरीत गोळा होतं. अनामत परत मिळण्याच्या अर्जाला बँकेच्या रद्द केलेल्या चेकची प्रत जोडा आणि त्याचाही आवक क्रमांक घ्या. जुलैत नवे प्रवेश सुरू झाले की जुन्या अनामतीच्या फाइलींकडे बघायला कोणाला वेळ नसतो.